वेशभूषा व गृहशोभन छायाचित्रण

नव्या धाटणीची वस्त्रे व अलंकार परिधान केलेल्या व्यक्तींची, तसेच सजविलेल्या खोल्यांची व घरांची नियतकालिकांत प्रसिद्ध करण्यासाठी योजनापूर्वक घेतलेली छायाचित्रे या प्रकारात मोडतात. त्यांचे दोन वर्ग पडतात. जाहिरातीच्या छायाचित्राचा खर्च उत्पादक करतो व त्यावर अंतिम अधिकारही त्याचाच असतो. संपादकीय छायाचित्रमालेचा खर्च मात्र नियतकालिक करते. विषय संपादक ठरवितो, पृष्ठरचना कलासंपादक करतो आणि सहा, आठ किंवा अधिक पृष्ठांतून एखादी कल्पना छायाचित्रांद्वारे मांडली जाते. तथापि नियतकालिकाचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर अवलंबून असल्याने हे दोन वर्ग एकमेकांपासून पूर्णपणे अलिप्त नसतात. वस्तू विकण्यास साह्य करणे आणि तरीही स्वतंत्र चित्र म्हणून टिकून राहणे, अशी दुहेरी अपेक्षा या छायाचित्रांकडून केली जाते. या प्रकाराचे कलामूल्य व त्याविषयीचे वाद या दोहोंचे मूळ याच दुहेरी अपेक्षेत आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात वेशभूषाविषयक नियतकालिकांत हाताने रेखाटलेली व रंगविलेली चित्रे छापली जात. त्या शतकाच्या अखेरीस छायारंगबिंदूंच्या साह्याने छायाचित्र मजकुराबरोबरच छापणे शक्य झाले आणि परिस्थिती पालटू लागली. १९११ मध्ये एडवर्ड स्टायकेन (१८७९–१९७३) याने पॉल प्वारे (१८७९–१९४४) या पॅरिसच्या वेशकाराच्या पोशाखांची छायाचित्रे आर ए देकोरास्याँ या फ्रेंच नियतकालिकासाठी घेतली. आधुनिक वेशभूषा छायाचित्रणाचा आरंभ सामान्यपणे या छायाचित्रांपासून मानतात. १८९२ मध्ये सुरू झालेले व्होग हे अमेरिकन नियतकालिक १९०९ मध्ये काँडे नास्ट या प्रकाशकाने विकत घेतले. त्याने आडॉल्फ द मेयर (१८६८–१९४६) व त्यानंतर १९२३ मध्ये स्टायकेन यांना छायाचित्रणासाठी नेमले. द मेयरची छायाचित्रे धूसर व स्वप्नवत होती, तर स्टायकेनने रेखीव आकार व स्पष्ट प्रकाश यांवर भर दिला.

घरांच्या अंतर्भागाचे छायाचित्रण निराळ्या वाटेने विकसित झाले. वास्तूंची नोंद ठेवणे हा त्याचा मूळ उद्देश होता. फ्रेंच छायाचित्रकार अझेन आत्झे (१८५७–१९२७) याने सु. १९१० मध्ये पॅरिसमधील निवासांच्या अंतर्भागांचा एक संग्रह सिद्ध केला. त्यात सुखवस्तू घरांबरोबर कामगाराची खोलीही होती. खोल्यांत माणसे नाहीत. पण अंथरूण, चूल, आरसा व भिंतीवरील चित्रे यांवरून तेथे राहणाऱ्यांचा अंदाज येतो. पुढे गृहशोभनविषयक नियतकालिके लोकप्रिय झाली, तेव्हा नोंदीचा हा हेतू मागे पडून अनुकरणीय आदर्श दाखविण्याचा हेतू पुढे आला.

होर्स्टचे जीवन व कार्य : या दोन्ही शाखांत दीर्घकाळ काम केलेला छायाचित्रकार म्हणून होर्स्ट पी. होर्स्ट (१४ ऑगस्ट १९०६–१८ नोव्हेंबर १९९९) याचे उदाहरण महत्त्वाचे आहे. त्याचा जन्म जर्मनीतील व्हाइसनफेल्स येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. त्याचे मूळ आडनाव बोरमान. हँबर्ग येथील उपयोजित कलांच्या विद्यालयात शिक्षण घेतल्यावर तो १९३० मध्ये पॅरिसला गेला व ल कॉर्ब्यूझ्ये (१८८७–१९६५) या वास्तुशिल्पज्ञाच्या कार्यशाळेत उमेदवारी करू लागला. तेथे तो फार काळ रमला नाही. त्याच सुमारास व्होगचा छायाचित्रकार जॉर्ज होयनिंगन-ह्यून (१९००–६८) याच्याशी त्याचा परिचय झाला. प्रथम त्याचा मदतनीस व अधूनमधून त्याच्या छायाचित्रांचा विषय म्हणून काम करीत होर्स्टने ही कला आत्मसात केली. १९३१ पासून त्याची स्वतःची छायाचित्रे व्होगच्या फ्रेंच आवृत्तीत प्रसिद्ध होऊ लागली व १९३२ मध्ये पॅरिस येथे त्याचे पहिले प्रदर्शन भरले. १९३५ मध्ये होयनिंगन-ह्यून हा हार्पर्स बझार या प्रतिस्पर्धी नियतकालिकाकडे गेल्यानंतर पॅरिसच्या चित्रशाळेतील बरीचशी जबाबदारी होर्स्टवर आली.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास तो अमेरिकेस गेला. १९४३ मध्ये तो अमेरिकन सैन्यात छायाचित्रकार म्हणून दाखल झाला व त्याच वर्षी त्यास अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. मार्टिन बोरमान या नाझी नेत्याच्या नावाशी असलेले साम्य टाळण्यासाठी त्याने होर्स्ट हेच आडनाव स्वीकारले. युद्धानंतर त्याने न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर, पूर्वी टिफनी कुटुंबाच्या मालकीच्या असलेल्या जमिनीचा काही भाग घेऊन स्वतःच्या आराखड्यानुसार घर बांधले. त्याच्या पांढऱ्या गिलाव्याच्या भिंतींमागे ट्युनिशियात पाहिलेल्या घरांची प्रेरणा होती. व्यवसाय म्हणून सोडून दिलेली वास्तुकला अशा रीतीने त्याच्या दृष्टीत कायम राहिली.

चित्रशाळेतील प्रकाशयोजना : १९३०–४० या दशकात चित्रशाळेतील छायाचित्रण प्रामुख्याने तिपाईवरील मोठ्या कॅमेऱ्याने होत असे. सु. २० × २५ सेंमी. आकाराची एकेक फिल्म त्यात घालावी लागे. मागील घाशीव काचेवर दृश्याची उलटी प्रतिमा पाहून छायाचित्रकार रचना निश्चित करी. फिल्म मंदसंवेदी असल्याने उद्भासनकाल, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडू देण्याचा काळ, मोठा ठेवावा लागे व तेवढा वेळ व्यक्तीला निश्चल राहावे लागे. प्रखर विद्युत् दिव्यांची उष्णताही तिला सहन करावी लागे. होर्स्टच्या चित्रांतील शिल्पासारखी स्थिरता ही काही अंशी या साधनांच्या मर्यादेतून आली आहे. त्याने त्या मर्यादेचेच शैलीत रूपांतर केले. ग्रीक शिल्पे व अभिजात चित्रे यांचा, विशेषतः त्यांतील हातांच्या ठेवणीचा, त्याने अभ्यास केला होता आणि स्तंभ, पुतळे, पडदे यांचा वापर करून तो चित्रशाळेतच एक काल्पनिक वास्तू उभी करीत असे.

प्रकाशाची दिशा ही या कामातील मुख्य बाब होय. समोरून सपाट प्रकाश टाकल्यास कापडाचा रंग व नक्षी दिसते. परंतु त्याचा पोत लोपतो. बाजूने तिरपा प्रकाश टाकल्यास विणीच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते व लोकर, जाळी किंवा भरतकाम डोळ्यांनी स्पर्श करावा इतके स्पष्ट होते. मखमल प्रकाश शोषून घेत असल्याने तिच्या कडेवर मागून प्रकाश टाकला नाही, तर ती गडद पार्श्वभूमीत विरून जाते. याउलट साटीन हे जवळजवळ आरशासारखे वागते. त्यावर दिव्याचे नव्हे, तर दिव्याच्या आकाराचे प्रतिबिंब पडते आणि म्हणून त्यासाठी रुंद, पसरलेला प्रकाशस्रोत लागतो. एकाच पोशाखात हे सर्व प्रकार एकत्र आल्यास मुख्य दिवा, सावली उजळणारे परावर्तक फलक व कडा दाखविणारे मागचे दिवे यांचा मेळ घालावा लागतो. होर्स्टने सावलीला दुय्यम मानले नाही. त्याच्या चित्रांत शरीराचा बराचसा भाग अंधारात असतो व उरलेला उजेडातील भागच पोशाखाचे वैशिष्ट्य सांगतो.

मेनबोशेर कॉर्सेट : १९३९ मध्ये पॅरिसमधील व्होगच्या चित्रशाळेत होर्स्टने घेतलेले हे छायाचित्र त्याची सर्वांत प्रसिद्ध कृती होय. त्यात कठड्याशी पाठमोरी बसलेली एक स्त्री दिसते. तिच्या कॉर्सेटच्या, म्हणजे कमर आवळणाऱ्या अंतर्वस्त्राच्या, फिती सैल होऊन कठड्यावरून खाली लोंबत आहेत. चेहरा जवळजवळ दिसत नाही; पाठ, खांदे व हात यांवरून उतरणारा प्रकाश हाच चित्राचा विषय बनला आहे. पाहणाऱ्यास प्रकाशस्रोत एकच असावा असे वाटते. प्रत्यक्षात अनेक दिवे व परावर्तक वापरले होते, असे होर्स्टने पुढे सांगितले. युद्धाच्या छायेत पॅरिस सोडण्यापूर्वी त्याने तेथे घेतलेले हे अखेरचे छायाचित्र होते. पहाटे काम संपवून तो गाडीने ल हाव्र बंदराकडे गेला व नॉर्मंडी या जहाजाने अमेरिकेस निघाला.

या चित्राची पुढील हकीकतही उद्‌बोधक आहे. मूळ व्यस्त प्रतीत कॉर्सेटची एक बाजू शरीरापासून किंचित सुटलेली दिसते. नियतकालिकात छापताना हातकाम करून ती शरीरालगत बसविण्यात आली. वस्त्र अंगावर नीट बसते हे दाखविणे नियतकालिकाच्या दृष्टीने आवश्यक होते. उलट सैलपणामुळे सूचित होणारा क्षण हा छायाचित्रकाराच्या दृष्टीने चित्राचा प्राण होता. पुढील काळात संग्रहालयांसाठी काढलेल्या प्रतींत मूळचा सैलपणा कायम ठेवण्यात आला. एकाच व्यस्त प्रतीच्या या दोन रूपांत विक्रीचे चित्र व स्वतंत्र चित्र यांतील भेद नेमका पाहावयास मिळतो.

रंगीत छायाचित्रण : १९३५ मध्ये कोडॅक्रोम ही अनेक थरांची रंगीत फिल्म बाजारात आली आणि लवकरच मोठ्या कॅमेऱ्यासाठीही ती उपलब्ध झाली. होर्स्टने व्होगची नव्वदहून अधिक मुखपृष्ठे केली. १५ मे १९४१ च्या मुखपृष्ठावर पोहण्याच्या वेशातील तरुणी पायांवर लाल चेंडू तोलून धरते व तो चेंडूच नियतकालिकाच्या नावातील ‘ओ’ या अक्षराची जागा घेतो. मुखपृष्ठाचे छायाचित्र घेताना नावासाठी व शीर्षकांसाठी जागा सोडावी लागते. त्या सक्तीतूनच ही कल्पना साकारली आहे. १९४६ मध्ये त्याने वनस्पती, शंख-शिंपले व खनिजे यांच्या निकटदृश्यांचा संग्रह पॅटर्न्स फ्रॉम नेचर या नावाने प्रसिद्ध केला. त्यातील काही प्रतिमा उलटसुलट जोडून कापडावर छापण्याजोगी नक्षी तयार करण्यात आली होती.

घरांची छायाचित्रे : १९५० नंतर अभिरुची बदलली. अर्व्हिंग पेन (१९१७–२००९) याची साधी, मोकळी पार्श्वभूमी व रिचर्ड अ‍ॅव्हेडन (१९२३–२००४) याच्या चित्रांतील हालचाल यांपुढे होर्स्टची नाट्यमय मांडणी जुनी वाटू लागली. १९६२ मध्ये व्होगमध्ये आलेली व पुढे मुख्य संपादक झालेली डायना व्रीलंड (१९०३–८९) हिने त्यास प्रसिद्ध व्यक्तींची घरे, बागा व राहणी यांच्या चित्रमालेचे काम दिले. सोबतचा मजकूर व्हॅलेंटाइन लॉफर्ड (१९११–९१) हा होर्स्टचा सहचर व ब्रिटिश परराष्ट्रसेवेतील माजी अधिकारी लिहीत असे. कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट बाल्सान, विंडसरचे ड्यूक व डचेस, पोलिन द रोथ्सचाइल्ड आदींची घरे या मालेत आली. साय ट्वाँब्ली (१९२८–२०११) या चित्रकाराच्या रोममधील निवासाची १९६६ मधील छायाचित्रे विशेष गाजली. प्राचीन पद्धतीचे अर्धपुतळे, सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्या व भिंतीला नुसतीच टेकवून ठेवलेली मोठी आधुनिक चित्रे असे त्या खोल्यांचे स्वरूप आहे. निवडक लेख व छायाचित्रे व्होग्ज बुक ऑफ हाउझिस, गार्डन्स, पीपल या ग्रंथात १९६८ मध्ये संकलित झाली. पुढे हाउस अँड गार्डन या नियतकालिकासाठीही होर्स्टने असे काम केले. या कामात त्याची वेशभूषा छायाचित्रणातील दृष्टी उपयोगी पडली. खोली हा त्याने माणसाचा विस्तारित पोशाख मानला आणि घरधन्यास त्याच्या वस्तूंच्या सान्निध्यात बसवून दोहोंतील नाते दाखविले.

अंतर्भागाच्या छायाचित्रणातील अडचणी : खोलीचे छायाचित्रण करताना चित्रशाळेत न येणारे प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न भूमितीचा. कॅमेरा किंचित वर किंवा खाली कलला, तरी भिंतींच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. म्हणून फिल्मची पातळी भिंतींना समांतर ठेवून केवळ भिंग वर-खाली सरकविण्याची सोय असलेला कॅमेरा वापरतात. जागा अपुरी असल्यास रुंदकोनी भिंग लावावे लागते. परंतु त्यामुळे खोली आहे त्यापेक्षा प्रशस्त भासते व कडेच्या खुर्च्या, दिवे ताणल्यासारखे दिसतात.

दुसरा प्रश्न सुस्पष्टतेचा. जवळच्या मेजापासून दूरच्या खिडकीपर्यंत सर्व स्पष्ट हवे असल्यास भिंगाचे छिद्र लहान करावे लागते. छिद्राचा क्रमांक ८ वरून ३२ वर नेल्यास आत येणारा प्रकाश सोळापटीने कमी होतो व एका सेकंदाऐवजी सोळा सेकंदांचे उद्भासन लागते. दीर्घ उद्भासनात फिल्मची संवेदनशीलता आणखी घटत असल्याने प्रत्यक्षात याहूनही अधिक काळ द्यावा लागतो. निर्जन खोलीच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. खोलीत माणूस असल्यास मात्र दिव्यांची जोड घ्यावी लागते. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होत असल्याने दुप्पट अंतरावर तो एकचतुर्थांशच पोहोचतो. त्यामुळे जवळची वस्तू झगमगते व खोलीचा दूरचा कोपरा काळा पडतो. यावर उपाय म्हणून प्रकाश छतावर किंवा भिंतीवर टाकून तेथून परावर्तित करतात.

तिसरा प्रश्न प्रकाशाच्या रंगाचा. माध्यान्हीच्या सूर्यप्रकाशाचे वर्णतापमान सु. ५,५०० केल्व्हिन, चित्रशाळेतील दिव्यांचे ३,२०० केल्व्हिन, तर घरातील तापदीप्त दिव्याचे सु. २,८०० केल्व्हिन असते. डोळा हा भेद सांभाळून घेतो. फिल्म घेत नाही. दिवसाच्या प्रकाशासाठी बनविलेल्या फिल्मवर दिव्याखालचा भाग नारिंगी दिसतो, तर दिव्यासाठीच्या फिल्मवर खिडकी निळी दिसते. खिडकीबाहेरचा प्रकाश आतील प्रकाशापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असतो, ही अडचण वेगळीच. म्हणून अनेक छायाचित्रकार संध्याकाळची वेळ साधतात. त्या वेळी बाहेरचा व आतला प्रकाश काही मिनिटांपुरता समतोल असतो. मुद्रणाचीही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. पारदर्शक फिल्मवर दिसणाऱ्या छटांचा पल्ला छापील कागदावर उतरत नाही. त्यामुळे अतिगडद सावल्या व अतितेजस्वी भाग यांतील अंतर छायाचित्र घेतानाच कमी ठेवावे लागते.

सत्यता व मूल्यमापन : अशा छायाचित्रापूर्वी खोलीची मांडणी बदलली जाते, फुले आणली जातात व विजेच्या तारा लपविल्या जातात. त्यामुळे ते घर कसे होते यापेक्षा ते कसे दिसावे अशी इच्छा होती, याचाच हा पुरावा आहे, असा आक्षेप घेतला जातो. घर नीटनेटके ठेवणारे नोकरचाकर या चित्रांत क्वचितच दिसतात. आत्झेच्या संग्रहातील कामगाराच्या खोलीस या नियतकालिकांत स्थान नव्हते. ज्या दशकात यूरोप युद्धाकडे ओढला जात होता, त्या दशकातील वेशभूषेच्या पृष्ठांवर त्याची चाहूल फारशी लागत नाही. हे आक्षेप बव्हंशी खरे आहेत. तथापि या छायाचित्रांचे दस्तऐवज म्हणून असलेले मोल त्यामुळे नाहीसे होत नाही. वस्त्रे जीर्ण होतात, घरे विकली जातात व वस्तूंची पांगापांग होते. विंडसरच्या ड्यूक व डचेस यांच्या पॅरिसमधील घरातील वस्तूंचा १९९८ मध्ये न्यूयॉर्क येथे लिलाव झाला. त्या वस्तू सुट्या स्वरूपात आजही अस्तित्वात आहेत. परंतु त्यांची परस्परसापेक्ष मांडणी, म्हणजे गृहशोभनाचे मर्म, केवळ छायाचित्रांतूनच कळू शकते. काय दाखविले व काय वगळले हे दोन्ही लक्षात घेऊन वाचल्यास ती सामाजिक इतिहासाची उपयुक्त साधने ठरतात.

नियतकालिकासाठी घेतलेल्या छायाचित्रावर कर्तृत्व कोणाचे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. १९९० मध्ये मॅडोना या अमेरिकन गायिकेच्या ‘व्होग’ या गीताच्या चित्रफितीत मेनबोशेर कॉर्सेट व होर्स्टच्या अन्य छायाचित्रांतील मांडणी पुन्हा उभी करण्यात आली. त्यासाठी आपली परवानगी घेतली गेली नाही व आपल्याला श्रेयही दिले गेले नाही, अशी नाराजी होर्स्टने व्यक्त केली. या घटनेने त्याची चित्रे नव्या पिढीपर्यंत पोहोचली, हेही खरे आहे.

लॉफर्डने लिहिलेले होर्स्टचे चरित्र १९८४ मध्ये व त्याच्या गृहशोभनविषयक छायाचित्रांचा संग्रह १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. याच उत्तरकाळात त्याच्या जुन्या व्यस्त प्रतींवरून प्लॅटिनम-पॅलॅडियम पद्धतीने, सूक्ष्म छटा व दीर्घ टिकाऊपणा असलेल्या सम प्रती काढण्यात आल्या. दृष्टी अधू झाल्याने १९९० नंतरच्या दशकात त्याचे काम थांबले व अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात त्याचे निधन झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अ‍ॅल्बर्ट संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये त्याच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरविले.

अंकीय छायाचित्रणाने या क्षेत्रातील अनेक तांत्रिक अडचणी दूर केल्या आहेत. वर्णतापमान नंतर जुळविता येते, निरनिराळ्या उद्भासनांच्या प्रतिमा एकत्र करून खिडकी व खोली दोन्ही दाखविता येतात आणि झुकलेल्या रेषा संगणकावर सरळ करता येतात. १९३९ मध्ये एका कॉर्सेटची कड बसविण्यासाठी कुशल कारागिराला जे कष्ट पडत, ते काम आता काही क्षणांत होते. दुरुस्ती जितकी सुलभ झाली, तितकी छायाचित्रकाराची व संपादकाची जबाबदारी वाढली आहे. वस्त्राच्या किंवा खोलीच्या कोणत्या अंगावर प्रकाश टाकावा व कोणते सावलीत ठेवावे, हा निर्णय मात्र आजही यंत्राचा नसून पाहणाऱ्याच्या अभिरुचीचा आहे.